आठशे मीटर धावणाऱ्या मुलींच्या पालकांनो, या चुका टाळा

गेल्या हिवाळ्यात ग्वाल्हेरच्या एका मैदानावर आठवीतली मुलगी ८०० मीटर संपवून तिथंच मातीत आडवी झाली. ओठ पांढरे, छाती भात्यासारखी. आई माझ्याकडे, तिच्या प्रशिक्षकाकडे, धावत आली. "ताई, बस झालं. उद्यापासून नाही पाठवणार हिला."

दमली म्हणून मुलीचं पळणंच बंद करायचं, ही चूक फार जुनी आहे. १९२८ साली ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये महिला पहिल्यांदा ८०० मीटर धावल्या. जर्मनीच्या लीना राडकेनं २ मिनिटं १६.८ सेकंदांचा विश्वविक्रम केला, अंतिम फेरीतल्या नऊच्या नऊ जणींनी शर्यत पूर्ण केली. वर्तमानपत्रांनी मात्र बायका कोसळल्याचं छापलं आणि ही शर्यत थेट १९६० पर्यंत बंद पडली. बत्तीस वर्षं! अमेरिकेच्या डोरिस ब्राउनला तर मुलगी म्हणून शाळेच्या ट्रॅकवर येऊ देत नव्हते. तीच १९६८ला मेक्सिकोत ८०० मीटरमध्ये पाचवी आली आणि पुढे सिॲटलमध्ये वर्षानुवर्षं प्रशिक्षक होती.

माझ्या घड्याळात ग्वाल्हेरच्या त्या मुलीचा पहिला राउंड (४०० मीटर) ७० सेकंद होता, दुसरा ९५. दमणं हा तिचा दोष नव्हता, सुरुवात चुकली होती. २ मिनिटं ४० सेकंदांत पळायचं तर पहिला राउंड ७९च्या आसपास हवा, म्हणजे दर २०० मीटरला ३९-४०. आम्ही चुन्यानं २००ची खूण केली. २०० पळायचं, २०० चालायचं, असं सहा वेळा. वेळ मी सांगण्याआधी तिनं ओळखायची. पहिल्या दिवशी ३४ला ती "चाळीस" म्हणाली. वेगाचा अंदाज असा बसतो, ओरडून नाही.

शर्यत संपली की मुलीला बसवू नका, पाच मिनिटं चालवा. पळताना छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली तर मात्र सराव थांबवून डॉक्टरच गाठा.

सकाळी बेडई (सारण भरलेली तळलेली पुरी) आणि जलेबी खाऊन पळायला आणू नका. जेवणावर लगेच चहाही नको, अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. मुलगी सतत थकत असेल तर हिमोग्लोबिन तपासा. आणि पाळी दोन-तीन महिने आली नाही तर "धावते म्हणून असेल" म्हणून सोडून देऊ नका. बहुतेकदा खाणं अपुरं पडत असतं. आया हे माझ्याशी दबक्या आवाजात बोलतात, डॉक्टरांशी मोकळेपणानं बोला.

फेब्रुवारीत तिनं पहिला राउंड ७९मध्ये काढला, दुसरा ८०मध्ये. आई पाण्याची बाटली घेऊन रेषेजवळच उभी होती. मी म्हटलं, "वहिनी, पाणी नंतर. आधी तिच्याबरोबर चाला."