जिप्सीचे टाय रॉड एंड बदलताना

टाय रॉड एंड म्हणजे स्टिअरिंगचा दांडा नकलला (चाक धरून वळणाऱ्या भागाला) जोडणारा बॉल जॉइंट. त्याच्या जागी हाइम जॉइंट, म्हणजे टोपी नसलेला उघडा गोळ्याचा सांधा, लावा असं सांगणारे भेटतात. पण ट्रेलला जाणारी जिप्सी आधी रस्त्यावरूनच जाते, हे हाइम विकणारा सांगत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९८ म्हणतो: स्टिअरिंगच्या बॉल जॉइंटवर रबरी टोपी हवी, बोल्ट आणि पिना पक्क्या लॉक केलेल्या हव्यात, स्टिअरिंग व्हीलचा प्ले (मोकळी हालचाल) ३० अंशांवर नको. उघडा हाइम टोपीपाशीच नापास. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ प्रमाणे बेकायदा बदल केला तर मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

कायदा बाजूला ठेवला तरी कोकणातला लाल चिखल थेट गोळ्यात शिरतो आणि हाइम खडखडायला लागतो. रेसच्या गाडीत तो चालतो, कारण ती सारखी उघडून तपासली जाते. तुम्ही तपासणार आहात का? नसाल तर बूट (रबरी टोपी) असलेला, ग्रीस निप्पलवाला जाड टाय रॉड एंडच घ्या.

जुना एंड पुलरने काढा. आट्यांचे फेरे मोजून ठेवा, नवीन तितकेच फेरे बसवायला.

आता टेपर, म्हणजे एंडच्या स्टडचा निमुळता भाग. यूट्यूबवर इथे दहा सेकंद देतात, आणि माझी गाडी इथेच फसली होती. नवीन एंडच्या टेपरवर मार्करने उभ्या रेघा मारा, नकलच्या भोकात बसवून थोडा फिरवा, बाहेर काढा. शाई वरपासून खालपर्यंत सारखी पुसली गेली पाहिजे. फक्त एका टोकाला पुसली असेल तर टेपर जुळत नाही. दुकानदार काहीही म्हणो, परत करा. टेपरला ग्रीस लावायचं नाही, दोन्ही बाजू कोरड्या आणि स्वच्छ हव्यात. नट आवळताना स्टड गरगर फिरला तर सी-क्लॅम्पने दाबून धरा. नट पूर्ण आवळूनही स्टडमधलं कॉटर पिनेचं (नट लॉक करणाऱ्या पिनेचं) भोक नटाच्या वर राहिलं, तर खाली वॉशर घालून भागवू नका. नकलचं भोक मोठं झालेलं असतं.

मॅन्युअलमधल्या टॉर्कला नट आवळला की नटाची खाच बहुतेक वेळा पिनेच्या भोकासमोर येत नाही. तेव्हा नट पुढेच आवळायचा, पुढची खाच येईपर्यंत. मी एकदा आळसाने तो पाव फेरा मागे घेतला. पिन छान बसली, मीही खूश! दोन ट्रेलनंतर स्टिअरिंग तरंगायला लागलं. उघडलं तर नकलचं भोक लंबगोल. पंधरा रुपयांची पिन लावायच्या घाईत अख्खी नकल बदलावी लागली. पिन दरवेळी नवीनच, बरं का. जुनी सरळ करून घालणाऱ्या मेकॅनिककडे मी पुन्हा जात नाही.

चेक नट (एंड दांड्यावर पक्का धरणारा नट) आवळा, ग्रीस भरा, टो-इन (पुढच्या चाकांच्या आतल्या कलाची जुळणी) करून घ्या. शंभर किलोमीटरनंतर चेक नट पुन्हा पान्याने तपासा.