विंडोजहून लिनक्सवर आलात? व्हिडिओ कन्व्हर्टर शोधण्याआधी हे वाचा

लिनक्सवर आल्यावर पहिल्या आठवड्यातच प्रश्न पडतो, आपला नेहमीचा व्हिडिओ कन्व्हर्टर इथे मिळेल का? मलाही पडला होता. जुनंच सॉफ्टवेअर वाइनमधून (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं साधन) चालवायच्या खटपटीत मी दोन रात्री घालवल्या. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. विंडोजवरचे पुष्कळसे कन्व्हर्टर आतून एफएफएमपेग या व्हिडिओ-आवाज बदलणाऱ्या प्रोग्रामवरच चालतात. फाब्रिस बेलार्ड यांनी २००० साली सुरू केलेला हा प्रकल्प लिनक्सवर एका आदेशात इन्स्टॉल होतो. म्हणजे इंजिन तेच असतं, वरचं बटणांचं आवरण तेवढं बदलतं.

बटणंच हवी असतील तर हँडब्रेक हा कन्व्हर्टर घ्या. फ्लॅटहबवरचं (लिनक्सच्या अ‍ॅप्सचं ऑनलाइन भांडार) पॅकेज घ्या, तेच हँडब्रेकच्या टीमचं अधिकृत आहे. तो विंडोजवरही चालतो, त्यामुळे अजून दोन्हीकडे पाय असतील तर तिथेच हात बसवून घ्या. एखादीच फाइल असेल तर व्हीएलसीच्या मीडिया मेनूतलं कन्व्हर्ट पुरतं.

पण त्याआधी मीडियाइन्फो टाका आणि फाइलमध्ये काय आहे ते बघा. मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते हेच. एमकेव्ही, एमपीफोर हे नुसते डबे आहेत. आत चित्र एका कोडेकमध्ये (म्हणजे दाबून साठवायच्या पद्धतीत) असतं, आवाज दुसऱ्या. टीव्हीवर एमकेव्ही चालत नाही म्हणून लोक तासभर कन्व्हर्ट करत बसतात, आणि आत बघावं तर चित्र एच.२६४ (मीडियाइन्फोत ते ‘एव्हीसी’ म्हणून दिसतं) आणि आवाज एएसी, दोन्ही टीव्हीला चालणारे! अशा वेळी फक्त डबा बदलायचा. टर्मिनलमध्ये एफएफएमपेग, मग ‘आय’ हा पर्याय आणि मूळ फाइलचं नाव, मग ‘सी’ हा पर्याय आणि ‘कॉपी’ हा शब्द, शेवटी एमपीफोरने संपणारं नवं नाव. पर्यायांच्या अक्षराआधी आडवी रेघ हवी, आणि नावात मोकळी जागा असेल तर नाव अवतरणचिन्हांत. चित्रपट काही सेकंदांत तयार होतो आणि दर्जा तसूभरही उतरत नाही, कारण नव्याने एन्कोड, म्हणजे पुन्हा दाबून साठवणं, काहीच होत नाही.

इथे माझं एकदा नुकसान झालंय. दोन भाषांतला आवाज असलेली फाइल मी अशीच बदलली आणि मूळ उडवली. एफएफएमपेग आपणहून एकच चित्र आणि एकच आवाज उचलतो, हे मला ठाऊक नव्हतं. दुसरी भाषा गेली ती गेलीच. सगळे ट्रॅक हवे असतील तर ‘मॅप’ पर्याय आणि शून्य हा आकडा द्यावा लागतो. मात्र एसआरटी (साध्या मजकुराच्या) सबटायटल्स एमपीफोरमध्ये जशीच्या तशी जात नाहीत. त्यांच्यासाठी आदेशात वेगळा ‘मोव्ह टेक्स्ट’ पर्याय (-c:s mov_text) लागतो, नाहीतर एरर येऊन काम थांबतं.

खरंच आकार कमी करायचा असेल तेव्हाच नव्याने एन्कोड करा. हँडब्रेकमध्ये दर्जाची सरकपट्टी आहे, तिथे आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. १०८० पिक्सेलच्या चित्राला २० ते २४ ठीक. मी आधी मधलाच एक मिनिट काढून बघतो, अंधाराचं दृश्य असलेला, कारण चौकोनी डाग तिथेच आधी दिसतात. ग्राफिक्स कार्डवरचं एन्कोडिंग झटपट होतं, पण तेवढ्याच आकारात दर्जा सहसा थोडा कमी मिळतो. जपून ठेवायच्या व्हिडिओंना मी प्रोसेसरवरच वेळ देतो.

फेडोरा ही लिनक्सची आवृत्ती वापरत असाल तर पेटंटच्या कारणाने तिथला एफएफएमपेग अपुरा असतो, पूर्ण आवृत्ती आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या भांडारातून घ्यावी लागते.

आणखी एक, पूर्ण फोल्डर एकदम बदलताना. विंडोजला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. कॅमेऱ्यातल्या फाइलींचं एक्स्टेन्शन बरेचदा कॅपिटल अक्षरांत असतं, आणि लहान अक्षरांसाठी लिहिलेला आदेश त्या फाइली न बोलता वगळतो. म्हणून काम झालं की दोन्ही फोल्डरमधल्या फाइली मोजा, नव्या फाइली मधूनमधून चालवून बघा, आवाजाचे ट्रॅक बदलून ऐका, आणि मगच मूळ फाइलींना हात लावा.