डायल-अपवर संगणकाचं घड्याळ जुळत नव्हतं, ते असं जुळलं

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला आमचा चादरींचा कारखाना. इंटरनेट डायल-अपचं, म्हणजे मोडेमनं फोन लावून जोडायचं. ऑफिसातला विंडोज एक्सपीचा संगणक लाईट गेली की तारीख 1 जानेवारी 2002 दाखवायचा आणि बिलं चुकीच्या तारखेनं निघायची. तारीख-वेळेच्या खिडकीतल्या 'इंटरनेट टाइम'मध्ये, इंटरनेटवरून वेळ जुळवायला, 'अपडेट नाऊ' दाबलं की एरर. वेळ देणारा सर्व्हर बदलला, फायरवॉल (नको ती जोडणी अडवणारी सुरक्षा) बंद केली, काही उपयोग नाही. पंधरा दिवस डोकं उठलं होतं.

दोन दोष होते. मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल, म्हणजे लाईट नसताना घड्याळ चालू ठेवणारा नाण्याएवढा सेल, संपला होता. आणि संगणकाच्या घड्याळात नि खऱ्या वेळेत फरक 15 तासांहून जास्त असला की एक्सपी वेळ जुळवायलाच नकार देतं, हे मला ठाऊक नव्हतं.

आधी प्लग काढून सेल बदलला, + बाजू वर. मग टाइम झोन +5:30 केला, तारीख-वेळ हातानं, मिनिटापर्यंत बरोबर लावली. त्यानंतर डायल केलं, मोडेमचा आवाज थांबून कनेक्शन लागू दिलं, आणि मगच 'अपडेट नाऊ'. पहिल्याच फटक्यात जुळलं!

फायरवॉल परत चालू केली. बाहेर जाणारा यूडीपी 123 पोर्ट, म्हणजे वेळ विचारायची वाट, मात्र त्यात मोकळा हवा. एक्सपी आपणहून सात दिवसांतून एकदाच वेळ विचारतं, त्या क्षणी फोन लागलेला नसतो. म्हणून डायल केल्यावर रोज एकदा हातानंच दाबतो.