घड्याळ, घोटा आणि तीस जणांची साखळी

पावसाळ्यात आमच्या खानापूर तालुक्यात शाळेचं मैदान म्हणजे नुसता राडा. तेव्हा नववीला मी पडवीत बसवून नसांतून, म्हणजे मज्जातंतूंतून, संदेश किती वेगानं जातो ते मोजायला लावतो. सामान काय, मोबाईलमधलं स्टॉपवॉच आणि शिंप्याची टेप.

मला धरून तीस जण, गोल बसायचं, डोळे मिटून. डोळ्यांची अट कडक ठेवा. एकदा एका गड्यानं अर्धा डोळा किलकिला ठेवला, शेजाऱ्याचा हात हलताना बघूनच पुढच्याला दाबलं आणि तासभराचा हिशोब वाया गेला.

उजव्या हातानं पुढच्याचा खांदा धरायचा. मी घड्याळ सुरू करून पहिला खांदा दाबतो. ज्याला दाब कळला त्यानं पुढच्याचा दाबायचा. फेरी फिरून माझ्या खांद्यावर आली की घड्याळ बंद. पहिल्या चार-पाच फेऱ्या धरूच नका, सरावानं पोरं भराभर सुधारतात. आकडा स्थिरावला की तीन फेऱ्यांची सरासरी काढा. यंदा आमची 8.4 सेकंद आली. मग खांदा सोडून घोटा धरायचा, बाकी सगळं तेच. आली 9.1.

या 0.7 सेकंदातच सगळी गंमत आहे. दाब ओळखणं, हात आवळणं याला दोन्ही खेपेला वेळ सारखाच लागतो, तो वजाबाकीत जातो. उरते ती घोट्यापासूनची जादा वाट. मान ते घोटा मोजा, त्यातून मान ते खांदा वजा करा. नववीच्या पोरांत ते मीटरभर भरतं. तीस जणांचे तीस मीटर, भागिले 0.7 : सेकंदाला 43 मीटर. 1850च्या सुमारास हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं बेडकाच्या नसेवर हीच युक्ती केली होती. स्नायूच्या जवळ एकदा, लांब एकदा चेतवायचं आणि वेळेतला फरक घ्यायचा. त्याचा वेग 27 मीटरच्या आसपास आला.

तांब्याच्या तारेसारखी वीज नसेतून सरळ धावत नाही. आवेग, म्हणजे नसेतला संदेश, आला की तेवढ्या जागी सोडियम आत घुसतं, पाठोपाठ पोटॅशियम बाहेर पडतं, तोवर शेजारची जागा जागी झालेली असते. मायलिनचं, म्हणजे चरबीसारख्या थराचं, वेष्टन असलेल्या तंतूंत हे फक्त मधल्या उघड्या फटींवर घडतं. कणकुंबीकडं ओढा ओलांडताना आपण दगडावरून दगडावर उड्या टाकतो ना, तसं. वेष्टन नसलेले तंतू सेकंदाला जेमतेम मीटरभर सरकतात. उंबऱ्याला करंगळी आपटली की आपटल्याचं आधी कळतं, ठणका मागाहून येतो, तो यांच्यातून.

यंदा एकीनं विचारलं, "सर, चंद्रापर्यंत नस ओढली तर ओ?"

पोकळीत उघडी नस चालायची नाही. आत-बाहेर खारं पाणीच नाही, तर सोडियम येणार कुठून? रेडिओ लहरीला असलं काही लागत नाही, ती 3,84,000 किलोमीटर 1.3 सेकंदात कापते. तरी म्हटलं, नळीत खारं पाणी भरून नस ओढली असं समज आणि कर भागाकार. फळ्यावर 103 दिवस आले. म्हणजे 15 ऑगस्टला चंद्रावर पाय आपटला, तर खानापुरात कळणार 26 नोव्हेंबरला.

"आणि ठणका?" मागून कोणीतरी.

मीटरभराच्या वेगानं बारा वर्षं. "तवर माझं लगीन झालेलं असतंय की ओ सर," ती म्हणाली, आणि घंटा झाली.