जुन्या टीव्ही गेमच्या कॅसेटी जमवायच्यात? मग खान्देशातल्या घरांच्या माळ्यांपासून सुरू करा

आधी एक गोष्ट क्लिअर करून घेऊ भो. आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबार पट्ट्यात ओरिजिनल नावाची वस्तू जवळपास आलीच नव्हती. निन्टेन्डो या जपानी कंपनीचा टीव्हीला जोडून खेळायचा डबा, फॅमिकॉम, जपानमध्ये 15 जुलै 1983 ला आला, अमेरिकेत तोच एनईएस म्हणून 1985 ला, आणि आपल्याकडे आला तो त्याचा कॉपी मारलेला भाऊ, कुणाकडे मीडिया, कुणाकडे लिटल मास्टर, कुणाकडे टर्मिनेटर. भारतात समुराई नावानं एक परवानावाला पण होता पण तो आपल्या गल्लीत कोणाकडे मी तरी पाहिला नाही. म्हणून जो नवीन पोरगा विचारतो की "दादा कलेक्शन करायचंय, ओरिजिनल कुठं मिळेल", त्याला मी सांगतो की ओरिजिनलच्या मागं नंतर लाग, आधी तुझ्या मामाच्या माळ्यावर चढ.

मागताना शब्द नीट वापरा. कार्ट्रिज म्हणालात तर समोरच्याला प्रिंटरची वाटते, नुसतं कॅसेट म्हणालात तर तो भजनाच्या कॅसेटींचा खोका काढून देतो (माझ्याकडे आता तसल्या वीसेक आहेत). "टीव्ही गेमची कॅसेट, मारिओवाली, पिवळी" असं म्हणायचं, लगेच कळतं. जायचं कुठं, तर जुने टीव्ही रिपेरवाले, भंगारवाले, आणि जळगावला गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी जे आता मोबाईल रिपेर करतात पण वीस वर्षांपूर्वी काय विकायचे ते विचारा, बरेच जण हसतात आणि मग आठवून सांगतात. यात्रेत खेळण्यांच्या दुकानावर अजूनही नव्या डब्यात टीव्ही गेम मिळतात, ते घ्या पण जुने समजून घेऊ नका.

मला सगळ्यात मोठा माल मिळाला तो चोपड्याकडच्या एका भंगारवाल्याकडे. सिमेंटची रिकामी गोणी, त्यात अकरा कॅसेटी, दोन ब्रिक गेम आणि वायर कापलेली एक गन. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, म्हणाला "तुले हाई कसाले जोयजे भो? चालस नही ती." मी म्हटलं राहू दे, चालवून बघतो. 150 रुपयात गोणीसकट दिली. त्यातल्या एका कॅसेटवर कुणीतरी रबर गुंडाळून ठेवलेलं होतं, ते उन्हानं वितळून लेबलात असं बसलं होतं की काढायला गेलो तर मारिओचं तोंडच रबराबरोबर निघून आलं. तेव्हापासून नियम, रबर दिसलं की ओढायचं नाही. आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायचं, ते कडक होतं, मग नखानं तुकडे पाडायचे.

आता उघडून बघणं. हे सगळ्यात मजेचं काम आहे आणि इथंच खरं कळतं. आपल्या पिवळ्या-लाल कॅसेटी बहुतेक खटक्यांवर बसवलेल्या असतात, मोबाईल उघडायची प्लास्टिकची पट्टी कडेनं फिरवली की उघडतात, काहींना लेबलखाली स्क्रू असतो म्हणून लेबलवर बोट फिरवून खड्डा लागतो का ते बघा. ओरिजिनल एनईएस किंवा गेमबॉयच्या (निन्टेन्डोचाच हातात धरून खेळायचा डबा) कॅसेटीला मात्र वेगळाच स्क्रू असतो, त्याला 3.8 मिलिमीटरचा गेमबिट नावाचा पाना लागतो, ऑनलाइन मिळतो, पेन वितळवून वगैरे जुगाड करू नका. उघडल्यावर आत दोनपैकी एक दिसतं. एक, हिरव्या पट्टीवर व्यवस्थित पायवाल्या चिप्स, ही जुन्या काळातली कॉपी. दोन, वाटाण्याएवढा काळा डांबरासारखा टिपका, ही नंतरची स्वस्तातली. टिपकेवाली बिघडली की संपली, तिच्यात रिपेर करण्यासारखं काही नसतं. चिपवाली असेल तर तुटलेला पाय डाग मारून जोडता येतो. म्हणून भाव करताना चिपवालीला दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

पिन मोजायची सवय लावा. फॅमिकॉम आणि आपले गल्लीतले सगळे क्लोन, म्हणजे कॉपी मारलेले डबे, 60 पिनवाले, अमेरिकन एनईएस 72 पिनवाला. कुणी "एनईएसची ओरिजिनल" म्हणून फोटो पाठवला आणि ती 60 पिनवाली निघाली तर पुढं बोलायचंच नाही. गेमबॉय अ‍ॅडव्हान्सच्या कॅसेटीत पट्टीवर खाली निन्टेन्डो छापलेलं दिसतं आणि लेबलमध्ये बारीक दोन आकडे दाबून उठवलेले असतात, उजेडात तिरकं धरलं की दिसतात. पोकेमॉनच्या नकली तर इतक्या आहेत की मी विकत घेणाऱ्याला आधीच सांगतो, नकली आहे असंच धरून चाल. रुबी, सफायर, एमराल्ड या पोकेमॉनच्या खऱ्या कॅसेटींमध्ये बॅटरी फक्त घड्याळासाठी असते, सेव्ह तिच्यावर नसतो, पण बऱ्याच नकलीत सेव्हच बॅटरीवर असतो, म्हणजे बॅटरी संपली की तुझा सगळा पोकेमॉनचा संसार उठला.

साफ करणं. फुंकर मारू नका. माहितीये, आपण सगळे फुंकूनच मोठे झालो, पण तोंडातली वाफ पिनवर बसते आणि पिन हळूहळू काळ्या पडतात. फुंकल्यावर चालायची ती कॅसेट परत नीट बसवल्यामुळं. मोबाईल रिपेरवाल्याकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं, कान साफ करायची काडी त्यात बुडवून पिनवर पुसायचं, काडी काळी झाली की दुसरी, पांढरी निघेपर्यंत. मग दहा मिनिटं सुकू द्या. सॅनिटायझर नको, त्यात जेल असतं. पॉलिश पेपर तर अजिबातच नको.

चालू करायच्या आधी अडॅप्टर बघा, हे मी स्वतःचं नुकसान करून शिकलोय. घरात राउटरचा 12 व्होल्टचा अडॅप्टर पडला होता, पिन बसली, मी खुश, बटण दाबलं आणि जळक्या बेकलाइटचा वास. आतमध्ये 7805 नावाचा एक छोटा पार्ट असतो, येईल त्या व्होल्टेजचे 5 व्होल्ट करून देणारा, पण पिन उलटी असेल तर स्वस्तातल्या डब्यात वाचवायला काहीच नसतं. राउटरच्या पिनमध्ये आतला भाग प्लस असतो, ओरिजिनल फॅमिकॉमचा अडॅप्टर 10 व्होल्टचा आणि आतला भाग मायनस. क्लोनला साधारण 9 व्होल्ट लागतात पण प्लस-मायनस डब्याडब्यात वेगळं निघतं, म्हणून मल्टिमीटर घ्या, डब्याच्या खालचं चित्र बघा, चित्र पुसलं असेल तर उघडून तार कुठं जाते ते बघा आणि मगच वीज द्या.

टीव्हीचं म्हणाल तर जुना डबा टीव्ही मिळाला तर सोडू नका, भंगारवाले तांब्यासाठी फोडून टाकतात. (स्वतः मात्र उघडू नका, पिक्चर ट्यूबमध्ये बंद असताना पण करंट राहतो.) डक हंट, गननं बदकं मारायचा गेम, तर त्याच्याशिवाय चालणारच नाही. ट्रिगर दाबला की स्क्रीन क्षणभर काळी होते आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, गन तो उजेड दिसतो का ते बघते, आणि एलसीडी टीव्ही तो चौकोन उशिरा दाखवतो म्हणून गनला काही दिसत नाही. म्हणजे ज्यांना नवीन टीव्ही आल्यावर "गन बिघडली" वाटलं त्यांची गन चांगली होती, माझ्या काकांनी तीच फेकली.

आता कॅसेटच्या आतला माल. 9999999 इन 1 लिहिलेलं असतं, आत सहा-सात गेम निघतात, बाकी तेच परत परत, फक्त दुसऱ्या लेव्हलपासून किंवा जास्त लाइफ घेऊन. ह्याला शिव्या देऊ नका, हेच तर जमवण्यासारखं आहे, कारण कुठल्या गेमला कसलं नाव दिलंय हे प्रत्येक कॅसेटीत वेगळं. टँक म्हणून आपण जो खेळलो तो मूळ नॅमकोचा बॅटल सिटी, 1985 चा, 35 लेव्हलचा, पण आपल्यातल्या बऱ्याच जणांनी खेळला तो टँक 1990 नावाचा हॅक, त्यात होडी घेतली की टँक पाण्यावरून जातो. मूळ गेममध्ये होडी नाहीच. तुमच्या आठवणीत होडी असेल तर तुमच्याकडं हॅक होता, मोकळं व्हा.

काँट्रा या गोळीबाराच्या गेमवरून तर आमच्यात दोन वर्षं भांडण चाललं. भुसावळचा मित्र म्हणायचा पहिल्या लेव्हलला नारळाची झाडं हलायची, मी म्हणायचो अजिबात नाही, तू काँट्रा खेळला की स्वप्न बघितलं. शेवटी दोघांच्या कॅसेटी एका डब्यात लावून बघितल्या आणि दोघं खरे निघाले. जपानी काँट्रात वेगळी चिप होती त्यामुळं झाडं हलतात, बर्फ पडतो, दोन लेव्हलच्या मधी नकाशा येतो, अमेरिकन 1988 च्या काँट्रात हे सगळं काढून टाकलेलं. त्याची कॅसेट जपानीवरून मारलेली, माझी अमेरिकनवरून. म्हणून गप्पा मारताना "तू खोटं बोलतो" म्हणायच्या आधी कॅसेट लावा, आणि लावता आली नाही तर निदान टायटल स्क्रीनचा फोटो मागा. मारिओला शंभर लेव्हल असतात म्हणणाऱ्याला मात्र फोटो मागायची गरज नाही, आठ वर्ल्ड गुणिले चार, 32, विषय संपला.

बोलताना शब्द पण नीट ठेवा, नाहीतर अर्धी भांडणं त्यातूनच होतात. बूटलेग म्हणजे परवानगीशिवाय छापून विकलेली कॉपी. हॅक म्हणजे दुसऱ्याच्या गेममध्ये फेरफार. रिप्रो म्हणजे आजच्या काळात जुन्यासारखी दिसावी म्हणून बनवलेली. कधीकधी बूटलेगवाल्यांनीच नवा गेम केलेला असतो, जसं 1994 चा सोमारी, सेगा कंपनीच्या सोनिकच्या दुनियेत निन्टेन्डोचा मारिओ पळतोय, दोन कंपन्यांची एकाच वेळी चोरी, आणि खेळायला भयंकर वाईट, तरी मला पाहिजेच आहे. विकताना रिप्रोला ओरिजिनल म्हणणारा माणूस दिसला तर त्याच्याशी परत व्यवहार करू नका, बूटलेगला बूटलेग म्हणून विकणाऱ्याकडून मी आनंदानं घेतो.

प्लेस्टेशन टू वाल्यांसाठी एकच. आपल्याकडं राइट केलेल्या डीव्हीडीच चालल्या, त्या जमवण्यात मजा नाही, पण 2009 चा हनुमान: बॉय वॉरियर भारतातच बनला होता, त्याची छापील डबी कुठं दिसली तर उचला.

प्रत्येक कॅसेटीची वहीत नोंद करा. रंग, लेबलवर जे छापलंय ते चुकीच्या स्पेलिंगसकट, पट्टीवरचा नंबर, मेनूचा फोटो, कुठल्या गावातून आली, आणि आधीच्या मालकानं काय सांगितलं. माझ्याकडं एका लेबलवर बॉलपेननं "पप्पू, 2 रु. तास" लिहिलंय. ती साफ करायची नाही असं वहीत लाल शाईत लिहून ठेवलंय.

ठेवायचं कुठं, तर पत्र्याखाली नाही. मे महिन्यात आपल्याकडं 45 च्या पुढं पारा जातो, प्लास्टिक वाकतं, लेबलाचा गोंद सुटतो. खालच्या खोलीत, लोखंडी कपाटात, बुटाच्या डब्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून. पिवळा पडलेला डबा पांढरा करायला लोक 12 टक्के पेरॉक्साइडची हेअर डेव्हलपर क्रीम लावून उन्हात ठेवतात, ते खरंच होतं, पण परदेशातले व्हिडिओ बघून सहा तास ठेवू नका. आपलं ऊन वेगळं आहे. आईच्या पापडांशेजारी गच्चीवर ठेवलेला माझा टीव्ही गेमचा रिमोट दीड तासात पांढरा झाला, अजून अर्धा तास राहिला तर क्रीम सुकली आणि त्याच्यावर चितळासारखे ठिपके उठले. दर पंधरा मिनिटांनी जाऊन क्रीम सारखी करत राहायची.

आणि शेवटी होमब्रू, म्हणजे आजची माणसं जुन्या मशीनसाठी नवे गेम बनवतात ते. 2019 चा मायक्रो मेजेस घ्या, चार जण एकत्र खेळतात आणि अख्खा गेम 40 केबीत, म्हणजे पहिल्या सुपर मारिओएवढाच. हे विकत घ्या, फुकट शोधू नका, बनवणारे दोन-चार लोक असतात. एव्हरड्राइव्हसारखी कॅसेट घेतली तर मेमरी कार्डवरून खऱ्या मशीनवर चालवता येतात, नाहीतर कॉम्प्युटरवर मेसेन एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम, आहेच.

स्वतः करायचा असेल तर जीबी स्टुडिओ फुकट आहे, कोडिंग न येता गेमबॉयचा गेम होतो. भाच्यानं सुट्टीत एक सुरू केलाय, रावेरहून केळीचा ट्रक घेऊन निघायचं आणि घड पिकायच्या आत पोचायचं. गाडी पळते मस्त, अडलंय ते अक्षरांवर. गेमबॉयची स्क्रीन 160 बाय 144 ठिपक्यांची, सगळं 8 बाय 8 च्या चौकोनात बसवायचं, इंग्रजी अक्षर एका चौकोनात मावतं पण आपल्याला वर मात्रा पाहिजे, खाली उकार पाहिजे. चेकनाक्यावरचा माणूस "हाई काय शे?" (हे काय आहे?) विचारतो, तेवढ्यासाठी त्यानं दोन मजली चौकोन केले आणि शिरोरेषा जुळवायला तीन दिवस घालवले. "शे"ची मात्रा अजून वरच्या चौकोनातून कापली जातेय, कुणी देवनागरी फॉन्ट केला असेल तर द्या भो.