वेस्टर्न माणदेशात काढायचा तर

टोपी, घोडा आणि पिस्तूल जमवलं की वेस्टर्न, म्हणजे अमेरिकन काउबॉयपट, झाला असं वाटतं, पण पडद्यावर तो फॅन्सी ड्रेस दिसतो. खरी गरज आहे उघड्या माळाची आणि कायदा लांब असण्याची. 1960 च्या दशकात इटालियन दिग्दर्शकांनी हे चित्रपट स्पेनमध्ये, आल्मेरियाच्या ओसाड रानात काढले आणि ते चाललेही. मग दहिवडी, म्हसवड, आटपाडी, जतचा माळ काय वाईट? बांधावरचं घायपात आणि फड्या निवडुंग, दोन्ही मूळचे अमेरिकेतलेच.

गोष्ट आजच्या काळात ठेवू नका. प्रेक्षक पहिल्या मिनिटाला विचारेल, फोन का नाही लावला? 1972 च्या दुष्काळात ठेवा. विहिरीवर एकट्याचा हक्क सांगणारा माणूस, दबून बसलेलं गाव आणि बाहेरून आलेला एक जण, एवढ्यावर दहा मिनिटांचा लघुपट निघतो. परक्याचा पूर्वेतिहास दोन वाक्यांत संपवा. शेवटी तो गावात राहत नाही, हा या प्रकाराचा जुना शिरस्ता आहे.

जागा बघायला जाल तेव्हा फ्रेमच्या कडा आधी तपासा. पवनचक्क्या, मोबाइल टॉवर, ठिबकच्या नळ्या, विजेचे खांब आणि हिरवागार ऊस, यातलं काही दिसायला नको. कॅनॉलचं पाणी आलेल्या भागात ऊस हमखास मागे डोकावतो. कासच्या पठाराकडे वळू नका; ते संरक्षित आहे आणि फुलांचं पठार या गोष्टीला शोभतही नाही. जमीनमालकाची परवानगी घ्या. नकली का होईना, हत्यार दिसणार असेल तर पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवा.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात इथं दुपारचा सूर्य जवळपास थेट डोक्यावर असतो. भुवयांखाली काळे खड्डे पडतात आणि चेहरा हातचा जातो. सकाळी सव्वासहा ते साडेआठ, संध्याकाळी पाच ते पावणेसात, एवढंच काम करा. धूळ उडवायची तर सूर्य पात्रांच्या मागे हवा, नाहीतर ती दिसतच नाही. चाळलेली मुलतानी माती फ्रेमबाहेरून, वाऱ्याच्या दिशेनं सोडा. डोळे सांभाळा. लेन्स बदलायची तर गाडीत बसून, काचा वर करून.

घोडा शक्यतो टाळा. जनावर चित्रपटात वापरायला पशुकल्याण मंडळाची परवानगी लागते, आणि धनगरांच्या ठेंगण्या घोड्यावर उंच नट बसवला की पाय लोंबकळतात. परका चालत आलेला जास्त शोभतो.

आता समोरासमोरचा प्रसंग. निम्मी मेहनत इथंच घाला. दोघांत वीस पावलांचं अंतर ठेवा. दोघांना जोडणारी एक रेघ मनात आखा आणि कॅमेरा शेवटपर्यंत तिच्या एकाच बाजूला ठेवा. रेघ ओलांडली की दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतात आणि सामना मोडतो. वेस्टर्नमधला मांडीपाशी कापलेला शॉट कमरेचं पिस्तूल दिसावं म्हणून रुळला. तुमच्या माणसाच्या खांद्यावर कुऱ्हाड असेल तर त्या कापाला अर्थ उरत नाही. कमरेला कोयता खोचा आणि कॅमेरा कमरेच्या उंचीवर लावा. डोळ्यांचा क्लोजअप लांबून, 85 मिमी लेन्सनं किंवा फोनच्या टेलिफोटोनं (लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सनं) घ्या. वाइड लेन्स नाकाशी नेली की नाक फुगतं.

शूट करताना प्रत्येक शॉट वीस सेकंद चालू ठेवा. नवखे तीन सेकंदांत ‘कट’ म्हणतात, मग एडिटिंगला ताणायला काही उरत नाही. संकलनात लांबी उतरती ठेवा: दोघं ठिपक्याएवढे दिसणारा शॉट आठ सेकंद, मग पाच, तीन, दोन, एक, डोळे आणि बोटं अर्धा सेकंद. सगळे सारखेच लांब ठेवले तर प्रसंग रेंगाळतो. प्रत्यक्ष वार एका शॉटमध्ये, झटक्यात.

रुंद चौकटीसाठी 1920 बाय 804 पिक्सेल पुरे. स्क्रीनवर वर-खाली चिकटपट्टी लावून शूट करा, नाहीतर नंतर मुंडाशी कापली जातात.

माइकला केसाळ कव्हर हवंच. माळावरचा वारा संवाद खातो. तोच वारा आणि रहाटाची करकर वेगळी दोन-दोन मिनिटं रेकॉर्ड करा. वाट बघण्याच्या शॉटांखाली हेच आवाज ठेवा, संगीत नको. ते आलंच तर वार झाल्यावर येऊ दे.