खिद्रापूर आधी, वाडी नंतर

कोल्हापूरहून गाडीने नृसिंहवाडी-खिद्रापूर करताना बहुतेकजण वाटेत लागते म्हणून वाडीला आधी थांबतात आणि खिद्रापूरला भर उन्हात पोचतात. तोवर तिथल्या कोपेश्वर मंदिराच्या आवारातली फरशी अशी तापते, की मुलं अनवाणी प्रदक्षिणा घालूच शकत नाहीत. त्यापेक्षा सकाळी साडेसहाला निघा, कुरुंदवाडमार्गे थेट खिद्रापूर गाठा. आधी बाहेरचा गजपट्ट (हत्तींच्या शिल्पांची रांग) पाहून घ्या, ऊन चढलं की आत स्वर्गमंडपात. ४८ खांब आणि छताला गोल झरोका. खांबांवरचं बारीक कोरीव काम बघायला दीड तास हवाच. तापलेल्या फरशीसाठी जुने मोजे जवळ ठेवा. वाडी परतताना करा; पौर्णिमा, गुरुवार मात्र गर्दीमुळे टाळा. पावसाळ्यात कृष्णेची पातळी विचारूनच निघा, पुरात रस्ते बंद होतात.